तुरिन, आणि एका गोलाचं टेन्शन

१३ एप्रिल २००५. समोर एक्सेल शीट, डोक्यात तुरिन! चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. आम्ही लिव्हरपूलवाले घरी २-१ जिंकलो होतो खरे, पण बॉस, कॅनाव्हारोचा तो गोल... अवे गोलच्या नियमाने युव्हेंटसला आता नुसता १-० पुरत होता. (२०२१मध्ये तो नियम गेला. सुटलो!) त्यात जेरार्ड जखमी.

पण धाकधूक तेवढीच नव्हती. १९८५च्या फायनलआधी ब्रसेल्सच्या हेसेल स्टेडियममध्ये आमचे फॅन्स युव्हेंटसच्या फॅन्सवर धावून गेले. चेंगराचेंगरीत, भिंत कोसळून ३९ जीव गेले. त्यानंतर दोन्ही टीम्स आत्ताच भेटत होत्या. आठवड्यापूर्वी अ‍ॅनफिल्डवर आम्ही मैत्रीचा संदेश झळकवला, तर काही पाहुण्यांनी पाठ फिरवली. चुकलं त्यांचं? मला नाही वाटत.

रात्री सव्वाबारा. घरात सगळे झोपलेले, टीव्हीचा आवाज बंद. शिट्टी झाली, आणि मी उशी घट्ट धरली.