फोटोग्राफीचा धंदा : हातात किती उरते?

कॅमेरा गळ्यात अडकवला की कमाई सुरू झाली, असा समज अनेक तरुणांत आढळतो. लग्नाच्या फोटोंचे दर ऐकून घरातील मंडळीही कर्ज काढायला तयार होतात. म्हणून या धंद्याचा हिशेबच येथे मांडत आहोत.

समजा, तालुक्याच्या गावी एका लग्नाचे काम 40,000 रुपयांना ठरले. त्यातून व्हिडिओ काढणाऱ्याला 8,000, मदतनिसाला 5,000, अल्बमच्या छपाईला 8,000, एडिटिंगला 6,000 आणि गाडीभाड्याला 2,000 गेले. उरले 11,000. कॅमेरा, लेन्स, फ्लॅश, संगणक मिळून 3 लाखांचे सामान चार वर्षे चालेल असे धरले आणि वर्षाला 30 लग्ने मिळाली, तर दर लग्नामागे 2,500 रुपये झिजेचे बाजूला काढावे लागतात. राहिले 8,500. म्हणजे महिन्याला 21,250 रुपये. दुकानभाडे, वीज व कर्जाचे व्याज यात नाही. आकडे गावोगावी बदलतील. वाचकांनी आपल्याकडचे घालून पाहावेत.

झिजेचा खर्च पुष्कळजण धरतच नाहीत. एका लग्नात तीन-चार हजार क्लिक सहज होतात, आणि मध्यम दर्जाच्या कॅमेऱ्याचे शटर साधारण दीड-दोन लाख क्लिकच्या हिशेबाने बनवलेले असते. दोन हंगामांत ते बदलायची वेळ येऊ शकते!

शिवाय कामही बारमाही नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेला हंगाम आषाढात थांबतो. रमजानमध्ये मुस्लिम घरांतही सहसा लग्ने नसतात. पूर्वी अशा दिवसांत पासपोर्ट साईज फोटोंवर दुकान चाले. आता आधार व पासपोर्टचा फोटो केंद्रातच काढतात, बाकीचे मोबाईलने उरकले.

नोकरीचे म्हणाल तर वर्तमानपत्रे, सरकारी खाती, महाविद्यालये येथे छायाचित्रकाराच्या जागा असतात, पण मोजक्या. त्यांच्या भरवशावर बसू नये. ऑनलाईन विक्रीच्या मालाचे, हॉटेलांतील पदार्थांचे, बांधकाम व्यावसायिकांच्या सदनिकांचे फोटो काढण्याचे काम मात्र शहरांत मिळते, आणि ते मुहूर्तावर अवलंबून नसते. लग्नांपेक्षा याकडे तरुणांनी अधिक लक्ष द्यावे, असे आम्हाला वाटते.

शिकण्यासाठी काही आयटीआयमध्ये डिजिटल फोटोग्राफरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. तोही जमत नसेल तर एखाद्या जाणत्या फोटोग्राफरच्या हाताखाली एक हंगाम काढावा. महागडी लेन्स तोवर भाड्याने आणावी. मुद्रा योजनेतून 50,000 रुपयांपर्यंतचे शिशु कर्ज मिळू शकते, परंतु कर्ज हंगामाच्या तोंडावर घ्यावे, हप्ते पावसाळ्यात अंगावर येतील असे नाही.

आणखी एक गोष्ट. 1957 च्या कॉपीराईट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क गिऱ्हाइकाचा असतो. नवरा-नवरीचे फोटो आपल्या जाहिरातीत वापरायचे असतील तर त्यांची परवानगी बयाणा घेतानाच पावतीवर लिहून घ्यावी. त्याच पावतीवर अल्बम किती पानांचा व उरलेले पैसे केव्हा मिळणार, हेही नोंदवावे. अल्बम हाती पडल्यावर बाकी वसूल करणे फार जड जाते.