‘हकीकत’ घरी पाहताना नेमका कोणता ‘हकीकत’ दिसतो?

नोव्हेंबर २०२५ च्या शेवटच्या दिवसांत एक जुना कृष्णधवल चित्रपट अचानक पुन्हा चर्चेत आला. २१ नोव्हेंबरला रेझांग लाच्या लढाईवरचा ‘१२० बहादूर’ प्रदर्शित झाला आणि २४ नोव्हेंबरला धर्मेंद्र यांचं निधन झालं. दोन्ही घटनांमुळे लोकांनी मोबाइलवर एकच नाव शोधलं, ते म्हणजे चेतन आनंद यांचा १९६४ चा ‘हकीकत’.

शोधल्यावर काय मिळतं? कुणाला काळा-पांढरा ‘हकीकत’ दिसतो, कुणाला रंगीत. एकीकडे तो तीन तासांहून जास्त चालतो, दुसरीकडे तीन तासांच्या आत संपतो. कुठे जवानांची डोकी पडद्याच्या वर कापली गेली आहेत, तर कुठे लडाखचा बर्फ नुसता पांढरा डाग झाला आहे. मग खरा ‘हकीकत’ कोणता?

थिएटर, कॅसेट, सीडी आणि यूट्यूब असा प्रवास करत हा चित्रपट जळगाव-धुळ्यातल्या घरांत पोहोचला. त्या प्रवासात तो बदलला कसा, हे समजून घेतलं की उत्तर मिळतं.

आधी, हा चित्रपट इतका महत्त्वाचा का?

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला आणि २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. जेमतेम महिनाभराच्या त्या युद्धात भारताचा पराभव झाला. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य तेव्हापासून मराठी घरांत रुळलं.

या युद्धानंतर दोनच वर्षांत ‘हकीकत’ आला. बलराज साहनी, धर्मेंद्र, जयंत, विजय आनंद, प्रिया राजवंश अशी नटमंडळी होती. संगीत मदन मोहन यांचं, गीतं कैफी आझमींची आणि कला दिग्दर्शन एम. एस. सथ्यू यांचं. चित्रीकरणाचा मोठा भाग प्रत्यक्ष लडाखमध्ये झाला. चित्रपट पंडित नेहरूंना अर्पण केलेला आहे.

विशेष म्हणजे हा विजयाचा चित्रपट नाही. एक तुकडी मागे हटते आहे, कुमक येत नाही, गोळ्या संपत चालल्या आहेत आणि माणसं एकेक करून पडत आहेत, असा तो आहे. शेवटी मोहम्मद रफींच्या आवाजातलं गाणं येतं. साठ वर्षं झाली तरी १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शाळांच्या भोंग्यावर ते लागतंच.

या पराभवाची लष्करी चौकशी करणारा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, पण सरकारने तो आजवर अधिकृतपणे खुला केलेला नाही. त्यामुळे सामान्य माणसाच्या मनातलं १९६२ बऱ्याच अंशी ‘हकीकत’मधूनच आलं. तो इतिहासाचा पुरावा नाही. त्यात प्रेमकथा आहे, शत्रूचं ढोबळ चित्रण आहे आणि राजकीय चुकांबद्दल फारसं बोलणं नाही. तरीही युद्ध ताजं असताना देशाला काय वाटत होतं, याची ती नोंद आहे. म्हणूनच ती पूर्ण आणि नीट दिसणं महत्त्वाचं आहे.

यात खानदेशचा संबंध कुठे येतो?

दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही जळगाव जिल्ह्यातच आहेत.

पहिलं ठिकाण वरणगाव. पडद्यावरच्या जवानांच्या गोळ्या संपतात, तो प्रश्न सरकारपुढेही होता. १९६२ नंतर देशातल्या दारूगोळा कारखान्यांचं जाळं वाढवलं गेलं. त्याच लाटेत भुसावळ तालुक्यातल्या वरणगावला लहान शस्त्रांच्या काडतुसांचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला. त्याचं स्थापना वर्षही १९६४ आहे. ज्या वर्षी पडद्यावर काडतुसं संपली, त्याच वर्षी खानदेशात ती बनवायची तयारी सुरू झाली. आज हा कारखाना ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहे.

दुसरं ठिकाण भुसावळ. हिंदी चित्रपटाच्या धंद्यात देश ‘सर्किट’मध्ये वाटलेला असतो. त्यातल्या सेंट्रल सर्किटचं भुसावळ हे जुनं केंद्र आहे. वितरक आणि थिएटरवाल्यांच्या ‘सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन’चं मुख्यालयही भुसावळलाच आहे. रेल्वेचं मोठं जंक्शन असल्याने रिळांच्या पेट्या इथून गावोगाव पाठवणं सोयीचं होतं.

रिळांची पेटी म्हणजे किती मोठं प्रकरण?

३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. ‘हकीकत’ची लांबी सुमारे १८४ मिनिटं. म्हणजे साधारण साडेसोळा हजार फूट, अर्थात पाच किलोमीटर फिल्म झाली. हजार फुटांचं एक रीळ धरलं तर सतराएक रिळं लागतात.

हीच प्रिंट एका गावातून दुसऱ्या गावात फिरायची. प्रत्येक खेळाला तिच्यावर ओरखडे पडायचे. फिल्म तुटली की ऑपरेटर तेवढा तुकडा कापून टोकं जोडायचा. रिळाचं पहिलं आणि शेवटचं टोक सर्वांत जास्त झिजायचं. त्यामुळे मोठ्या शहरात पहिल्या आठवड्यात दिसलेला चित्रपट आणि काही वर्षांनी तालुक्याच्या थिएटरात दिसलेला चित्रपट सेकंदा-सेकंदाला सारखा नसायचाच.

कॅसेट आली आणि काय झालं?

१९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांच्या वेळी रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर पसरले. रात्रभरासाठी टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणायचा, तीन कॅसेट घ्यायच्या आणि आळीतल्या सगळ्यांनी मिळून पाहायच्या, हा त्या काळचा रिवाज. गावोगाव व्हिडिओ लायब्ररी आणि व्हिडिओ पार्लर निघाली. धुळ्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या मालेगावात तर व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी पुढे ‘मालेगाव के शोले’ बनवला.

चोरीच्या कॅसेटांचा सुळसुळाट झाल्यावर १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. व्हिडिओवर हक्कदाराचं नाव-पत्ता आणि सेन्सॉर प्रमाणपत्र दाखवणं बंधनकारक झालं.

पण खरा बदल चित्रातच झाला होता. फिल्मवरून व्हिडिओ करताना तीन गोष्टी घडतात.

पहिली म्हणजे वेग. फिल्म सेकंदाला २४ चित्रं दाखवते. भारतात वापरली जाणारी पाल पद्धत सेकंदाला २५ दाखवते. सोपा उपाय म्हणून फिल्म थोडी जोरात चालवली जायची. त्यामुळे १८४ मिनिटांचा चित्रपट एकही दृश्य न कापता १७७ मिनिटांत संपतो. गाण्यांचा सूरही किंचित चढतो. जुन्या कॅसेटवर रफी थोडे वेगळे वाटत असतील, तर कारण हेच असू शकतं.

दुसरी गोष्ट तपशील. व्हीएचएस कॅसेटवर जेमतेम २४० रेषांचं चित्र मावायचं. ‘हकीकत’सारख्या चित्रपटाला याचा फटका जास्त बसतो. बर्फ, आकाश, धुकं आणि त्यात राखाडी कपड्यांतली माणसं, अशी त्यातली दृश्यं. पांढऱ्यातल्या छटा गेल्या की डोंगर सपाट होतो आणि चेहरे पुसले जातात.

तिसरी गोष्ट मूळ प्रत. कॅसेट बहुतेक वेळा नेगेटिव्हवरून न बनता हाताशी असलेल्या, झिजलेल्या प्रिंटवरून बनायची. प्रिंटमधला तुटलेला तुकडा मग कायमचाच गायब व्हायचा.

सीडी-डीव्हीडीने सुधारणा झाली का?

थोडी झाली. व्हीसीडीच्या एका चित्रात ३५२ गुणिले २८८ म्हणजे सुमारे एक लाख बिंदू असतात. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६ म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास, फुल एचडीत जवळपास २१ लाख आणि फोर-केमध्ये सुमारे ८३ लाख.

एका व्हीसीडीत सव्वा तासाच्या आसपासच मजकूर मावतो. त्यामुळे तीन तासांच्या चित्रपटाला दोन-तीन चकत्या लागायच्या. जागा वाचवायला कंपन्या कधी गाणं, कधी प्रसंग उडवायच्या. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली आणि जुने चित्रपट बसस्थानकावरच्या स्टॉलपर्यंत पोहोचले. चित्रपट स्वस्त झाला, हे चांगलंच झालं. मात्र आज यूट्यूबवर दिसणाऱ्या अनेक जुन्या चित्रपटांच्या प्रती याच चकत्यांवरून चढवलेल्या आहेत. प्लेअरवर ‘१०८०पी’ लिहिलेलं असलं, तरी एक लाख बिंदू ताणून २१ लाख केल्याने गेलेला तपशील परत येत नाही.

रंगीत ‘हकीकत’ म्हणजे सुधारलेला ‘हकीकत’ का?

नाही. इथेच सर्वांत मोठा गोंधळ होतो.

‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये, ‘नया दौर’ २००७ मध्ये आणि ‘हम दोनों’ २०११ मध्ये रंगीत होऊन आले. २०१२ मध्ये ‘हकीकत’ही रंगवला गेला. पण कृष्णधवल फिल्ममध्ये रंगाची नोंदच नसते. आकाश किती निळं आणि कोट कोणत्या छटेचा, हे रंगवणारे अंदाजाने ठरवतात. मूळ छायाचित्रण मात्र उजेड आणि सावली यांच्या हिशोबाने केलेलं असतं.

जतन करणं म्हणजे रिस्टोरेशन, ते वेगळं. त्यात उपलब्ध असलेली सर्वांत चांगली नेगेटिव्ह किंवा प्रिंट शोधतात, एकेक चित्र स्कॅन करतात, ओरखडे आणि धूळ काढतात, हलणारं चित्र स्थिर करतात, आवाजातली खरखर कमी करतात. नवीन काही घालायचं नाही, गेलेलं शक्य तितकं परत आणायचं, हा त्याचा नियम.

हे काम ‘हकीकत’च्या बाबतीत झालं आहे. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयही १९६४ मध्येच स्थापन झालं होतं. आता ते एनएफडीसीचा भाग आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत तिथे जुन्या चित्रपटांचं रिस्टोरेशन सुरू आहे. २०२३ च्या गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात ‘हकीकत’ची जतन केलेली प्रत दाखवली गेली. त्याच विभागात आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ही होता.

कॉपीराइट संपल्याने काय बदललं?

भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९६४ च्या चित्रपटासाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली.

म्हणून सगळंच मोकळं झालं असं नाही. गीत आणि संगीत यांचे हक्क रचनाकाराच्या निधनानंतर ६० वर्षं राहतात. मदन मोहन १९७५ मध्ये गेले, कैफी आझमी २००२ मध्ये. त्यामुळे चित्रपटाची मुदत संपली तरी गाण्यांच्या शब्द-सुरांवरचे हक्क अजून शिल्लक आहेत. ‘आता कुणाचंच नाही’ असं समजून गाणी वापरणाऱ्याला म्हणूनच नोटीस येऊ शकते.

मोठा धोका मात्र वेगळाच आहे. हक्क संपलेल्या चित्रपटाच्या वाईट प्रती कुणीही, कितीही चढवू शकतो. चांगली प्रत काढायला खर्च येतो, वाईट प्रत फुकट मिळते. शोधल्यावर वर तीच येते आणि पुढच्या पिढीला तोच चित्रपट वाटतो.

मग चांगली प्रत ओळखायची कशी?

• लांबी पाहा. १८४ मिनिटांच्या आसपास असेल तर उत्तम. १७७ असेल तर बहुधा वेगाचा फरक आहे. त्याहून बरीच कमी असेल तर काहीतरी कापलं आहे.

• चौकट पाहा. त्या काळचे बहुतेक कृष्णधवल चित्रपट जवळपास चौकोनी असायचे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणं योग्य आहे. चित्र पूर्ण स्क्रीनभर पसरलं असेल तर वरून-खालून जवळपास २३ टक्के भाग कापला गेला आहे किंवा माणसं आडवी ताणली आहेत.

• सुरुवातीचं सेन्सॉर प्रमाणपत्र पाहा. त्यावर लांबी आणि रिळांची संख्या असते. ते उडवलेलं असेल तर पुढेही कात्री लागली असण्याची शक्यता आहे.

• बर्फाचे प्रसंग पाहा. बर्फात चढ-उतार आणि सावल्या दिसल्या तर प्रत चांगली.

आणि घरातल्या, थिएटरातल्या जुन्या डब्यांचं काय?

थिएटरं डिजिटल झाल्यावर रिळांना किंमत उरली नाही. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, म्हणून कितीतरी प्रिंट ती काढून घेण्यासाठीच वितळवल्या गेल्या. बाकीच्या भंगारात गेल्या.

खानदेशातल्या एखाद्या बंद टॉकीजच्या प्रोजेक्टर रूममध्ये किंवा जुन्या वितरकाच्या गोदामात अजूनही पत्र्याचे डबे पडलेले असू शकतात. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर फिल्म सडायला लागली आहे असं समजावं. ती उलगडून पाहू नये, उन्हात ठेवू नये आणि भंगारवाल्याला तर देऊच नये. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन अशा फिल्म जतनासाठी घेतात.

रिस्टोरेशन करताना एका प्रिंटमधला हरवलेला तुकडा अनेकदा दुसऱ्या प्रिंटमध्ये सापडतो. ती दुसरी प्रिंट कुठल्या गावात निघेल, हे आधी कुणालाच माहीत नसतं.