पाटणचं मंदिर आणि दावा-पुराव्यातला फरक

पेटची तयारी, सिनॉप्सिस, लिटरेचर रिव्ह्यू यांबद्दल सगळेच सांगतात. पण दावा आणि पुरावा यांतला फरक प्रत्यक्ष बघायचा असेल, तर चार मित्र जमवा आणि एखाद्या रविवारी चाळीसगावजवळच्या पाटणला जाऊन या.

पाटणादेवीच्या परिसरात, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत महादेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. आधी मोबाईल खिशात ठेवून अर्धा तास शांत बसा. कोरीवकाम, उन्हाची तिरीप, मागचे डोंगर, सगळं नीट बघा. बघणं हीसुद्धा संशोधनाची सवयच आहे.

मग तिथे ऐकू येणारे दोन दावे तपासू.

पहिला दावा : ‘हे हेमाडपंती मंदिर आहे.’ हेमाडपंत म्हणजे हेमाद्री. यादव राजा महादेव आणि त्याच्यानंतरचा रामचंद्र यांचा हा मंत्री. म्हणजे काळ इ.स. १२६० च्या पुढचा. पण या मंदिरातला शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इ.स. ११५३ चा आहे. निकुंभ घराण्यातल्या इंद्रराजाने काम सुरू केलं आणि त्याचा मुलगा गोवन याच्या काळात ते पूर्ण झालं. शंभरेक वर्षांचा फरक पडला की नाही? तेव्हा ‘हेमाडपंती’ हे शैलीचं नाव झालं. त्यावरून बांधणारा किंवा काळ ठरवता येत नाही.

दुसरा दावा : ‘भास्कराचार्य इथेच राहत होते.’ पाटणला सापडलेला इ.स. १२०७ चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ सोइदेवाने त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या मालावर राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यात म्हटलंय. आजच्या भाषेत रिसर्च फंडिंगच म्हणा ना!

यातून काय सिद्ध होतं? ‘सिद्धान्तशिरोमणी’ (इ.स. ११५०) लिहून झाल्यावर साठेक वर्षांत इथे त्याच्या अभ्यासाची सोय झाली होती. काय सिद्ध होत नाही? भास्कराचार्य स्वतः इथे राहिले, हे. त्यांनी आपल्या गावाचं नाव विज्जडविड असं दिलंय. ते गाव म्हणजे पाटण की विजापूर की आणखी कुठलं, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

भास्कराचार्य आपल्या खान्देशचे असावेत असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटतं. म्हणूनच इथे जास्त सावध राहायचं. आवडत्या निष्कर्षाचा पुरावा आपण सगळ्यात कमी तपासतो, आणि लॅबमधल्या डेटाचंही तसंच होतं.

जाताना वही न्या. तीन रकाने पाडा : मी पाहिलं, मला सांगितलं, मी अंदाज केला. संध्याकाळी मित्रांच्या वह्यांशी ताडून बघा. पुढच्या आठवड्यात हेच तीन रकाने तुमच्या सिनॉप्सिसला लावा.