लहान मुलं भाषा टिपून घेतात, पण वर्गात नव्हे

पालघर-बोईसर भागात शाळाप्रवेशाचे दिवस आले की एक वाक्य हमखास कानावर पडतं : ‘लहान वयात मुलं भाषा टीपकागदासारखी टिपून घेतात, तेव्हा जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं.’ तीन वर्षांच्या मुलाला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घालायचं, तर समर्थन हेच. मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय मंडळांच्या शाळा प्राथमिक वर्गांत फ्रेंच नि स्पॅनिश शिकवतात, आणि ‘आपल्याकडे हे कधी येणार’ असं इथले पालक विचारतात, त्यामागेही हेच. १६ एप्रिल २०२५ च्या शासननिर्णयाने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून आणली तेव्हाही याच वाक्याचा आधार घेतला गेला. वाद पेटला, १७ जूनला सुधारित निर्णय आला, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. एवढ्या गदारोळात हिंदी हवी की नको यावर सगळे तावातावाने बोलले. पहिलीतलं मूल खरोखरच वर्गात बसून भाषा ‘टिपून’ घेतं का, हे तपासण्याची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नेही दोन ते आठ या वयात मुलं भाषा अतिशय वेगाने आत्मसात करतात असं संशोधनाचा हवाला देऊन लिहून टाकलं आहे. मग पालकांना काय दोष द्यायचा?

हे वाक्य पूर्ण खोटं असतं तर एव्हाना गळून पडलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून टिकलं आहे. चार वर्षांचं मूल माद्रिदला राहायला गेलं, तिथल्या बालवाडीत जाऊ लागलं, तिथल्याच मुलांशी भांडू-खेळू लागलं, तर काही वर्षांत ते तिथल्या मुलांसारखं स्पॅनिश बोलेल. त्याच्या आईवडिलांना ते आयुष्यभर साधणार नाही. यात शंका नाही. पण इथे वयाबरोबर आणखी एक गोष्ट काम करत असते, ती म्हणजे तास. मूल दिवसाचे बारा तास जागं असतं आणि त्यातला बहुतेक वेळ भाषा त्याच्या कानावर आदळत असते. आता शाळेतलं गणित मांडू. चाळीस मिनिटांची तासिका, आठवड्यातून दोनदा, वर्षाचे छत्तीस आठवडे धरले तर वर्षाला अठ्ठेचाळीस तास होतात. तीन वर्षांचे एकशे चव्वेचाळीस. माद्रिदमधल्या मुलाचे हे जागेपणीचे फक्त बारा दिवस झाले. त्याचा अनुभव दाखवून पालघरच्या वर्गातल्या मुलाला तेच फळ मिळेल असं सांगणं ही सरळसरळ दिशाभूल आहे.

‘हे तुमचं गणित झालं, पुरावा काय?’ असं कोणी विचारेल, आणि विचारावंच. पुरावा गेली पन्नास वर्षं साचत आला आहे. इंग्लंडमध्ये १९६४ पासून प्राथमिक शाळांत आठव्या वर्षी फ्रेंच सुरू करण्याचा मोठा प्रयोग झाला. क्लेअर बर्स्टल यांनी १९७४ मध्ये त्याचा अहवाल मांडला तेव्हा दिसलं, की सोळाव्या वर्षापर्यंत या मुलांची अकराव्या वर्षी फ्रेंच सुरू केलेल्यांवरची आघाडी फक्त ऐकून समजण्यापुरती उरली होती. खुद्द स्पेनमध्ये, बार्सिलोनाला, कार्मेन मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा दीर्घ अभ्यास केला. आठव्या वर्षी सुरुवात केलेली आणि अकराव्या वर्षी सुरुवात केलेली मुलं, दोन्ही गटांचे तास सारखे धरून तुलना केली, तर उशिरा सुरू केलेली पुढे निघाली. २००६ मध्ये हे निष्कर्ष ग्रंथरूपाने आले. जर्मनीतल्या नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्यात पाच हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिलीपासून इंग्रजी शिकलेली मुलं पाचवीत पुढे होती, पण तिसरीपासून शिकलेल्यांनी सातवीत त्यांना मागे टाकलं. त्या राज्याने २०२१-२२ पासून इंग्रजीची सुरुवात पुन्हा तिसरीवर नेली. आपल्याकडे भाषेबाबत निर्णय मागे घ्यायला आंदोलन लागतं, हे जाता जाता.

यावर चलाख उत्तर येतं, की वर्गात नसेल, पण भाषेच्या मुलखात राहिलं तर लहानच वेगाने शिकतात ना? तेही सुरुवातीला नाही. नेदरलँड्समध्ये नव्याने राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांचा अभ्यास कॅथरीन स्नो आणि मारियन हुफनागेल-होले यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या काही महिन्यांत बारा ते पंधरा वर्षांची मुलं सर्वांत वेगाने डच शिकली आणि तीन ते पाच वर्षांची बहुतेक चाचण्यांत तळाला राहिली. कारण उघड आहे. बारा वर्षांच्या मुलाला वाचता येतं, नियम सांगितला तर कळतो, विसरलेलं वहीत पाहता येतं, एका भाषेतलं दुसरीला लावून बघता येतं. लहान मुलाजवळ यातलं काही नसतं. त्याच्याजवळ फक्त वेळ असतो, आणि त्याच्या पद्धतीने शिकायला तो भरपूर लागतो. शाळा त्याला नेमका तोच देऊ शकत नाही. लहान वयाचा खरा फायदा अखेरच्या टप्प्यावर, म्हणजे पुष्कळ वर्षं भाषेत राहिल्यावर दिसतो. २०१८ मध्ये हार्ट्सहॉर्न, टेननबाउम आणि पिंकर यांनी सुमारे पावणेसात लाख लोकांच्या इंग्रजी व्याकरणाची तपासणी केली. व्याकरण शिकण्याची क्षमता सतरा-साडेसतरा वर्षांपर्यंत फारशी घटत नाही असं त्यांना आढळलं. जन्मभाषकाइतकं पक्कं यायचं असेल तर मात्र दहा-बारा वर्षांच्या आत सुरुवात हवी. हा निष्कर्ष माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटेल, म्हणून तो मुद्दाम सांगतो. पण बोईसरच्या शाळेतल्या मुलाने माद्रिदच्या मुलाशी व्याकरणात बरोबरी करावी, हे आपलं उद्दिष्ट आहे का? त्याला भाषा वाचता, समजता, कामापुरती बोलता यावी एवढंच असेल, तर दहा-अकरावं वर्ष उशिराचं नाही. स्पेनच्या सेर्वांतेस संस्थेची शालेय विद्यार्थ्यांसाठीची ‘डेले’ परीक्षासुद्धा अकरा ते सतरा वयाच्या मुलांसाठीच आखलेली आहे. आणि राष्ट्रीय धोरणाने स्पॅनिश, फ्रेंच, जपानी वगैरे भाषांची नावं घेतली आहेत ती माध्यमिक स्तरासाठी, प्राथमिकसाठी नव्हे. दोन ते आठचं वाक्य सगळ्यांच्या तोंडी आहे, हे वाक्य कोणी वाचत नाही.

उच्चारांचा मुद्दा उरतो. लहानपणी जीभ वळते हे खरं, पण ती जे ऐकते त्याकडे वळते. वर्गात मूल शिक्षकाचे उच्चार उचलतं. शिक्षकाने स्वतः सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स करून स्पॅनिश उचललेली असेल, तर मूल त्याच चुका लहान वयाच्या सगळ्या पक्केपणाने उचलणार.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो याच भागातून येतो. तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या चाळीत पाच वर्षांचं पोरगं घरी भोजपुरी किंवा ओडिया, गल्लीत हिंदी, शेजाऱ्यांशी मराठी आणि दुकानात थोडी गुजराती बोलतं. अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीतही देशभरातून आलेली कुटुंबं आहेत, तिथेही हेच चित्र. मग लहान मुलांना भाषा पेलत नाहीत हे कसं म्हणता? पेलतात, आणि तोच तर मुद्दा आहे. या भाषा त्याला कोणी तासिका लावून शिकवल्या नाहीत. त्या भाषांत त्याला खेळ मिळतो, खाऊ मिळतो, शिव्याही मिळतात. शाळेतल्या स्पॅनिशमध्ये यातलं काहीच नाही. आठवड्यातली ऐंशी मिनिटं संपली की पालघरच्या बाजारात, लोकलमध्ये, घरात त्या भाषेचा एक शब्दही त्याच्या कानावर पडणार नाही. गल्लीतल्या यशाचं श्रेय वर्गाला देऊन वरून फी आकारायची, हा व्यवहार पालकांनी ओळखायला हवा.

आता पाड्यावर या. पालघर जिल्ह्यात, विशेषतः जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरीत, वारली, कोकणा, कातकरी घरांतली मुलं पहिलीत येतात तेव्हा पुस्तकातली मराठी हीच त्यांची दुसरी भाषा असते. त्यांना पहिल्या दिवसापासून त्या मराठीबरोबर इंग्रजीही शिकायची असते, पाचवीपासून हिंदी. त्यावर स्पॅनिश आली तर ती पाचवी भाषा होईल, आणि पहिल्या चारपैकी एकीतही मूल अजून धड वाचत नसेल. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडलेला फरक इथे कामाचा आहे. नव्या भाषेतलं रोजचं बोलणं दोनेक वर्षांत जमतं, पण त्या भाषेत गणिताचं उदाहरण समजून घेणं, विज्ञानाचा धडा वाचणं याला पाच ते सात वर्षं लागतात, आणि पहिल्या भाषेत वाचन-विचार पक्का असेल तर तो पुढच्या भाषेला उपयोगी पडतो. मातृभाषेतून शिकणं म्हणजे इंग्रजीला किंवा स्पॅनिशला उशीर करणं नव्हे, तिची तयारी करणं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी याच मुलखात, १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, मुलाच्या अंगणात, कुरणात, त्याच्या बोलण्यापासून शाळा सुरू केली. ती पद्धत देशभरच्या अंगणवाड्यांपर्यंत पोचली आणि तिच्या जन्मगावाच्या आसपास आता बालवर्गात इंग्रजी कविता पाठ करून घेतल्या जातात. ओडिशाने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. वारलीसाठी तेवढी जिद्द महाराष्ट्रात दिसत नाही.

‘म्हणजे श्रीमंतांची मुलं स्पॅनिश शिकणार आणि आमची वारलीत अडकणार’, हा राग मला कळतो. २००० मध्ये रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पाचवीपासूनची इंग्रजी पहिलीवर आणली गेली, ती याच समतेच्या भावनेतून. त्यामुळे इंग्रजी माध्यमाची ओढ कमी झाली का? नाही. कारण विषमता पहिलीत सुरू करण्या-न करण्यात नसते. ती असते शिक्षकाला स्वतःला भाषा किती येते, घरात पुस्तकं आहेत का, पुढच्या इयत्तांत तोच विषय नीट चालू राहतो का, यात. श्रीमंत घरातलं मूल स्पॅनिश शिकतं ते लवकर सुरू केल्यामुळे नव्हे, पुढे दहा वर्षं पैसे मोजता येतात म्हणून. जिल्हा परिषदेच्या शाळेला बरोबरी करायची असेल, तर सहावीपासून रोज एक तास आणि भाषा खरोखर येणारा शिक्षक, एवढं पुरे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. दोन भाषांत वाढणारी मुलं उशिरा बोलतात किंवा गोंधळतात, हे चूक. एका वाक्यात दोन भाषा मिसळणं हा गोंधळ नाही, मोठेही तेच करतात. मोबाइलवरचं ॲप शिक्षकाची जागा घेतं, हे चूक. शब्द पाठ होतात, संभाषण येत नाही. स्पॅनिश शिकायला आधी इंग्रजी लागते, हे तर उलटंच. स्पॅनिशचे त-द मराठीसारखे दंत्य आहेत, नामांना लिंग आहे आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं, आणि ‘मला आंबा आवडतो’ हे वाक्य तिथे मराठीच्याच घडणीत होतं : ‘मे गुस्ता एल मांगो’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही घडण उलटी वाटते, मराठी मुलाला ती आयती येते.

तेव्हा उद्या एखाद्या शाळेने पहिलीपासून परदेशी भाषा देऊ केली, तर माहितीपत्रक बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा : आठवड्याला तास किती, शिकवणाऱ्याने त्या भाषेची कोणती परीक्षा कोणत्या पातळीपर्यंत दिली आहे, आणि दहावीपर्यंत तीच भाषा चालू राहील याची लेखी हमी आहे का. तिन्हींची उत्तरं लेखी मिळाल्याशिवाय जादा फी भरू नका.