शेतातील छोटे इंजिन आणि मद्यार्काचे इंधन

काजूचा हंगाम सुरू झाला की पेडणे तालुक्यात भट्ट्या पेटतात. चांगली फेणी काडी लावली की निळ्या ज्योतीने जळते, हे आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. मग साहजिकच प्रश्न पडतो : जी फेणी जळते तिच्यावर बागायतीतला पाण्याचा पंप का चालू नये? प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याचे उत्तर आज प्रत्येक शेतकरी घराला उपयोगी आहे. कारण पंपासाठी आपण कॅनमधून आणतो ते पेट्रोल आता निव्वळ पेट्रोल राहिलेले नाही. त्यात सुमारे एक पंचमांश मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल अल्कोहोल असते.

फेणी का चालत नाही?

फेणीत मद्यार्क साधारण ४२ टक्के असतो. हुर्राकात तर त्याहून पुष्कळ कमी. उरलेले बहुतेक पाणीच. इंजिनात शिरलेल्या पाण्याची वाफ करण्यातच बरीचशी उष्णता खर्च होते आणि ठिणगीने पेट घेत नाही.

चुलीची गोष्ट मात्र वेगळी. महाराष्ट्रात फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोड ज्वारीच्या धाटांच्या रसापासून मद्यार्क तयार केला. सूर्याच्या उष्णतेवर तो ऊर्ध्वपातित करण्याचे प्रयोगही केले. पुढे त्यांनी निम्मे पाणी असलेल्या मद्यार्कावर चालणारी स्वयंपाकाची शेगडी तयार केली. शेगडीची ज्योत सतत जळत असल्याने तिला पाणी खपते. इंजिनात प्रत्येक फेरीला इंधन नव्याने पेटवावे लागते. म्हणून त्याला ९५ टक्क्यांच्या आसपासचा मद्यार्क हवा.

साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क कितीही वेळा गाळला तरी तो सुमारे ९६ टक्क्यांवर थांबतो. शेवटचे पाणी काढण्यासाठी कारखान्यात वेगळी प्रक्रिया करावी लागते. पेट्रोलमध्ये मिसळायचा मद्यार्क असाच जवळजवळ निर्जल असतो.

इंजिनात काय बदलावे लागते?

इथेनॉलच्या रेणूचे वजन ४६ धरले तर त्यातले १६ ऑक्सिजनचे. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक भाग आधीच ऑक्सिजन आहे. म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला ९ किलो. इंजिन ओढून घेते ती हवा तेवढीच राहते. तेव्हा तिच्याबरोबर इंधन जास्त सोडावे लागते, साधारण दीडपट.

कार्बुरेटरमध्ये इंधन मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी नळकांडे असते, त्याला जेट म्हणतात. भोकाचे क्षेत्रफळ दीडपट करायचे तर व्यास सव्वापट करावा लागतो (१.२५ × १.२५ = १.५६). म्हणजे ०.६० मिलिमीटरचे भोक ०.७५ च्या आसपास न्यायचे. जाणकार मेस्त्री मूळ जेट जपून ठेवतो आणि दुसरे जेट थोडे थोडे वाढवत जातो. पंप चालू असताना चोक किंचित ओढला आणि इंजिन जोरात पळू लागले, तर इंधन अजून कमी पडते आहे असे समजावे.

दुसरी अडचण सुरू करण्याची. थंड इंजिनात मद्यार्काची वाफ पेट्रोलइतकी सहज होत नाही. यासाठी पेट्रोलची एक लहान टाकी आणि दोन वाटांचा कॉक बसवतात. पेट्रोलवर सुरू करायचे, गरम झाले की मद्यार्कावर घ्यायचे, आणि बंद करण्यापूर्वी पुन्हा काही मिनिटे पेट्रोलवर चालवायचे. ब्राझीलमध्ये १९७५ साली सरकारी मद्यार्क योजना सुरू झाली आणि १९७९ मध्ये निव्वळ मद्यार्कावर धावणारी फियाट १४७ मोटार बाजारात आली. तिथल्या अशा मोटारींतही सुरुवातीसाठी पेट्रोलची छोटी टाकी असे.

तिसरी गोष्ट रबराची. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर मद्यार्काने फुगतात किंवा तडकतात. टाकीत साचलेला जुना चिकटा सुटून फिल्टर तुंबतो. म्हणून नळ्या बदलाव्या आणि सुरुवातीला फिल्टर वारंवार पाहावा.

हिशेबही करायला हवा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये २१. तेव्हा जिथे एक लिटर पेट्रोल लागते तिथे सुमारे दीड लिटर मद्यार्क लागेल. मद्यार्क जास्त दाब सोसतो, त्याचा लाभ घ्यायचा तर इंजिनाचे हेडही बदलावे लागते.

हे सर्व चार स्ट्रोकच्या पंपाविषयी झाले. गवत कापायच्या दोन स्ट्रोकच्या यंत्रावर हा प्रयोग करू नये. त्याला वंगण इंधनातूनच मिळते, आणि नेहमीचे खनिज टू-टी ऑइल मद्यार्कात नीट विरघळत नाही. वंगण पोहोचले नाही तर पिस्टन जाम होतो.

आपल्या टाकीतला मद्यार्क

२००१ मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशात झाले. २००३ पासून गोव्यासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू करण्यात आले. २०२५ मध्ये देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. म्हणजे जेट न बदलताच आपले जुने पंप थोडेफार मद्यार्कावर चालू लागले आहेत. असे इंजिन किंचित कमी इंधनावर, म्हणून थोडे गरम चालते.

खरा धोका आहे तो पावसाळ्यात. मद्यार्क पाणी शोषून घेतो. जूनमध्ये पंप बंद करून ठेवला आणि टाकीत पेट्रोल राहिले, तर चार महिन्यांच्या दमट हवेत त्यात पाणी मिसळत जाते. प्रमाण वाढले की पाणी आणि मद्यार्क एकत्र होऊन तळाशी बसतात आणि पेट्रोल वर राहते. नळी तळातूनच निघते. नोव्हेंबरात दोरी ओढून हात दुखतात ते त्यामुळे. दोन स्ट्रोकच्या यंत्रात तर तळाच्या थरात वंगणही नसते, आणि नवे यंत्र पहिल्याच दिवशी निकामी होऊ शकते.

हे डोळ्यांनी पाहता येते. शिक्षकांनी मोकळ्या जागेत, आगीपासून दूर, मोजपात्रात ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी हलवून ठेवावे. खालचा थर २० वर न राहता ३५ च्या आसपास जाईल. वाढलेला भाग मद्यार्काचा. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग एकट्याने करू नये.

पालकांनी ध्यानात ठेवावे

१. पावसापूर्वी टाकी रिकामी करावी आणि कार्बुरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवावे.
२. लागेल तेवढेच ताजे पेट्रोल आणावे. कॅन घट्ट बंद असावा.
३. रबरी नळ्या दरवर्षी तपासाव्या.
४. मद्यार्काची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. गरम इंजिनात इंधन ओतू नये.
५. औद्योगिक स्पिरिटमध्ये विषारी मिथेनॉल असू शकते. घोटभर पोटात गेले तरी डोळे जातात, जीवही जातो. ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये.
६. इंधनासाठी असला तरी मद्यार्क गाळायला अबकारी खात्याचा परवाना लागतो.

तेव्हा फेणी भट्टीतच बरी. पंपाच्या टाकीतला मद्यार्क मात्र आपण ओळखून घेतला पाहिजे. येत्या मे महिन्यात टाकी रिकामी करण्याचे काम मुलांनी वडीलधाऱ्यांच्या सोबतीने करावे. त्या निमित्ताने घरातल्यांना त्यामागचे कारणही सांगता येईल.