पाटीआधीची शाळा

संक्रांतीचं हळदीकुंकू आटोपलं, की आपल्याकडे एक नवाच हंगाम सुरू होतो. वाणात कुणी काय लुटलं ही चर्चा मागे पडते आणि जिना उतरता उतरता प्रश्न येतो, "मग, छोटीला कुठे घालणार?" छोटी असते अडीच-पावणेतीन वर्षांची. तिला अजून स्वतःचं नाक पुसता येत नसतं. पण तिच्या प्रवेशासाठी आई-बाबा इंग्रजीची उजळणी करत असतात!

लोणावळ्यातली ही गोष्ट काही निराळी नाही. पर्यटकांचं गाव म्हणून इथे सगळं आठवड्याच्या शेवटावर चालतं. पण शाळेच्या बाबतीत आम्हीही पुण्याकडे बघूनच पावलं टाकतो. कुणी तळेगावच्या शाळेत मूल घालतं, कुणी त्याहून पुढे. तीन-चार वर्षांचं पोर भल्या सकाळी बसच्या खिडकीला डोकं टेकून डुलकी घेताना दिसलं, की माझ्या पोटात कालवतं.

मी काही बालशिक्षणातली तज्ज्ञ नव्हे. बी.ए. झालेली, सकाळचा स्वयंपाक उरकून तीन-चार तास पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवणारी एक गृहिणी. पण जून महिन्यात पहिलीचा वर्ग पुढ्यात बसला, की तयारी कशाला म्हणायचं हे फार लवकर कळतं. एखाद्या मुलाला ए ते झेड, एक ते शंभर, सगळं घडाघडा येतं. पण डब्याचं झाकण उघडत नाही, चड्डीचं बटण निघत नाही. शेजारच्यानं खडू घेतला की तो भोकाड पसरतो, कारण आपली पाळी येईपर्यंत थांबायचं असतं हेच त्याला ठाऊक नसतं. आणि त्याच बाकावर एखाद्या बंगल्याच्या रखवालदाराची मुलगी असते. तिला अक्षर एकही येत नाही. पण ती उभी राहून म्हणते, "बाई, पाणी पिऊन येऊ?" सांगितलेली गोष्ट शेवटपर्यंत ऐकते आणि दुसऱ्या दिवशी, थोडं पदरचं घालून, मला परत सांगते. विचारलं तर कळतं, तीन वर्षं अंगणवाडीत जात होती. अक्षरं काय, दिवाळीपर्यंत दोघांनाही येतात. पण पहिल्याला त्याआधी रडायचं थांबायला शिकवावं लागतं, आणि त्यात माझे दोन महिने जातात.

अंगणवाडी म्हटलं, की आपण शहरातल्या बायका जरा मान वळवतो. 'ती खिचडीची शाळा ना? ती आपल्यासाठी नाही,' असं मनात येतं. हे मुळीच खरं नाही. सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या कुठल्याही मुलासाठी ती खुली आहे, उत्पन्नाची अट नाही, फी नाही. आणि ती आली कुठून हे कळलं, तर मान वळवायची थोडी लाजच वाटेल.

हा शब्द आपल्या मराठी बायकांनी घडवलेला आहे, बरं का. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करत होत्या. तिथे १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. त्या काळी बालमंदिर म्हणजे सुखवस्तू घरांतल्या मुलांची चैन होती. ताराबाईंच्या मनाला ते खुपत राहिलं. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यात (आता पालघर) बोर्डी या गावी काम सुरू केलं आणि त्यांच्या जोडीला अनुताई वाघ आल्या. अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातल्याच, मोरगावात १९१० साली जन्मलेल्या. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. शिकून शिक्षिका झालेल्या या बाईनं पुढचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांची नाकं पुसण्यात घालवलं. हे मी शब्दशः म्हणते आहे, कारण मुलांना आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हा तिथे अभ्यासक्रमाचाच भाग होता.

आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात. आई-बाप कामावर, मोठं भावंड धाकट्याला कडेवर घेऊन हिंडणारं. मग या दोघींनी सोपा विचार केला: मूल बालवाडीत येत नाही ना, मग बालवाडीच त्याच्या अंगणात न्यायची. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शिंपले, बिया, पानं, खडे यांवर शिकवणं सुरू झालं. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ साली गेल्या. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

माँटेसोरीवरून आठवलं. आपल्याकडे हे नाव पाटीवर लागलं की फी वाढते! पण मारिया माँटेसोरी बाईंनी आपलं पहिलं बालगृह १९०७ साली रोम शहरातल्या मजुरांच्या वस्तीत काढलं होतं, आई-बाप कामावर गेल्यावर मागे राहणाऱ्या पोरांसाठी. म्हणजे मुळात तीही एक अंगणवाडीच की!

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा हाच शब्द देशभर गेला. आज गुजराती, हिंदी, कानडी, तमिळ बायकाही 'अंगणवाडी'च म्हणतात. पोषक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शाळापूर्व शिक्षण, अशी सहा कामं तिच्यावर आहेत. आपल्याला त्यातली खिचडी तेवढी दिसते.

मावळात तिची गरज किती आहे ते पाहायचं, तर लोणावळ्याच्या बाजारपेठेतून जरा बाहेर पडावं लागतं. अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ या खोऱ्यांत डोंगराच्या कुशीला ठाकर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. कातकरी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कोळशावर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. पोरं त्यांच्याबरोबर. त्या मुलांची बोली वेगळी. पहिलीतल्या बाईंचं पुस्तकी मराठी त्यांना आपल्या मुलांना इंग्रजी वाटावं तितकंच परकं. अंगणवाडीताई बहुतेक त्याच गावची असते, तिला मुलाच्या घरचा शब्दही कळतो आणि शाळेतलाही. या दोन शब्दांच्या मध्ये ती उभी असते. चौथ्या वर्षी हा पूल मिळाला नाही, तर ते मूल पहिलीत मुकं बसतं, आणि मुकं बसलेलं मूल पुढे शाळेतच येईनासं होतं.

आणि हे वाडीवरच घडतं असं नाही. आपल्या घरी धुणं-भांड्याला येणारी बाई, चिक्कीच्या कारखान्यात पॅकिंगला जाणारी, हॉटेलात चादरी धुणारी, यांची मुलं सकाळी कुठे असतात असं कधी विचारलंय आपण? बाहेरगावाहून नवी आलेली बाई असेल, तर अंगणवाडी कुठल्या गल्लीत भरते हेच तिला ठाऊक नसतं. तिला ते सांगायला पाच मिनिटं लागतात.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळ्याच अंगणवाड्या काही आदर्श नसतात. कुठे खोली एवढीशी, कुठे पत्रा गळतो, आणि लोणावळ्याचा पाऊस म्हणजे गळणं कसलं, धारच लागते. ताईच्या मागे रजिस्टरं, मोबाइलवर भरायची माहिती, वजनं, उंच्या, गरोदर बायांच्या गृहभेटी, त्यावर सरकारी सर्वेक्षणं. एवढं सगळं करून तिला मिळतं ते वेतन नव्हे, मानधन. अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका संपावर गेल्या, तो संप जानेवारीपर्यंत चालला. त्या काळात खाजगी शिशुवर्गात मुलं घातलेल्या घरांना काही फरक पडला नाही. मला वाटतं, दुखणं तिथेच आहे. चार शिकलेल्या आयांची मुलं तिथे बसती, तर त्या गळक्या पत्र्याबद्दल नगरपरिषदेत कुणीतरी आवाज चढवला असता.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात पाहू. शिक्षणहक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यातली हमी सहा ते चौदा वर्षांची. सहाच्या आतल्यांसाठी सरकारनं मोफत सोय 'करावी' एवढंच त्यात आहे, करायलाच हवी असं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं मात्र तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा धरला: तीन वर्षं अंगणवाडी किंवा बालवाडी आणि पुढे पहिली-दुसरी. म्हणजे कागदावर तरी आता अंगणवाडी ही शाळेचीच पहिली पायरी आहे. आणखी एक, पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत, परीक्षा घ्यायला या कायद्यानं बंदी आहे. पहिल्या वेळी पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 'मुलाशी जरा गप्पा मारतो' असं गोड शब्दांत म्हटलं तरी ती मुलाखतच, हे लक्षात असू द्या.

मूल अंगणवाडीत जावो की आणखी कुठे, घरची तयारी आपल्याच हातात असते आणि तिला पैसा लागत नाही. पेन्सिलीची घाई मात्र नको. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाची बोटं अजून तयार नसतात. त्याला ओळीत अक्षरं काढायला लावलं, की ते पेन्सिल मुठीत आवळून धरतं आणि ती सवय पुढे सोडवताना आमच्या नाकी नऊ येतात. त्यापेक्षा पोळ्या करताना कणकेचा गोळा हातात द्या. मळू दे, लांबवू दे, त्याचा साप करू दे. मटार, पावटे, शेंगा सोलायला बसवा. चिमटीनं दाणा उचलणारी बोटंच पुढे पेन्सिल नीट धरतात. (दाणे नाकात-कानात जाणार नाहीत इकडे मात्र डोळा ठेवा.) तांदूळ निवडताना खडे वेगळे, तांदूळ वेगळे हे त्याला दाखवा. वेगळं काढणं, जोडी लावणं हेच गणिताचं पहिलं पाऊल. आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून निघालेला इंद्रायणी पिकवणाऱ्या घरात तर तांदळाला तोटा नाही! ताटं मांडताना 'किती माणसं, किती वाट्या' हे त्याला विचारा. शंभरपर्यंत पाठ म्हणण्यापेक्षा पाच वाट्या बरोबर आणणं मोठं.

बोलण्याचंही तसंच. दिवसातून एक गोष्ट, मोबाइल बाजूला ठेवून. मधेच थांबून 'मग काय झालं असेल?' असं विचारायचं. शाळा इंग्रजी असली, तरी घरी अर्धवट इंग्रजी बोलून दोन्ही भाषा कच्च्या ठेवू नका. ज्याला आपल्या भाषेत नीट सांगता येतं, तो दुसरी भाषाही पकडतो.

आणि आम्हा लोणावळेकरांच्या यादीत एक जास्तीचा धडा असतो, रेनकोटचा. शाळा उघडते जूनच्या मध्याला, नेमका पाऊस कोसळायला लागतो तेव्हा. चाळीस मुलांचे रेनकोट बाई कशा काढणार? मे महिन्यात कोरड्या अंगणातच त्याची घालण्या-काढण्याची सवय करून घ्या. गमबुटाचा डावा-उजवा ओळखण्यासाठी आत रंगीत खूण करा. ओले मोजे पिशवीत घालून घरी आणायचे, दप्तरात कोंबायचे नाहीत, हेही तेव्हाच शिकवा. शू लागली की सांगायचं, हात धुवायचे, आपलं नाव-आडनाव आणि आईचं नाव स्पष्ट सांगायचं. झाली की तयारी!

२०२२ सालच्या एप्रिलात राज्यातल्या शाळांतून 'पहिले पाऊल' नावाचे शाळापूर्व तयारी मेळावे भरले. पहिलीत येणाऱ्या मुलांना आयांनी घेऊन जायचं. टेबलं मांडलेली, एकीकडे उड्या-चेंडू, एकीकडे चित्र बघून बोलणं, एकीकडे वस्तू मोजणं. मूल कशात मागे आहे ते आईला तिथेच दाखवतात आणि उन्हाळ्यात घरी काय करून घ्यायचं ते सांगतात. गल्लीतल्या पाच-सहा आयांचा गट करून तो आठवड्यातून एकदा जमावा, अशी त्यामागची कल्पना. दुपारच्या चहाला आपण जमतोच, तेव्हा मुलं घेऊन जमायचं, इतकंच. मेळाव्याच्या तारखेची चौकशी मार्चमध्येच जवळच्या नगरपरिषदेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत करून ठेवा.

अंगणवाडीत नाव घालायला जाताना जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या. पण त्याआधी एकदा मूल घरी ठेवून, न सांगता सकाळच्या वेळी डोकावून या. मुलं रांगेत गप्प बसली आहेत की हालचाल आहे? खेळणी कपाटात आहेत की खाली मांडलेली? प्यायच्या पाण्याला झाकण आहे का? ताई मुलांना नावानं हाक मारते का? एवढं पाहिलंत तरी पुरे. काही खटकलं तर ताईशी भांडू नका, तिच्या हातात फार थोडं असतं. तिच्यावर पर्यवेक्षिका असतात, त्यांच्यावर बालविकास प्रकल्प अधिकारी. गावांचं हे काम वडगावला पंचायत समितीतून चालतं, शहरांसाठी नागरी प्रकल्प वेगळे असतात.

आणि वस्तीत अंगणवाडीच नसेल, तर? डिसेंबर २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की ज्या खेड्यात वा झोपडवस्तीत सहा वर्षांखालची निदान चाळीस मुलं आहेत, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. मुलांची नावं, वयं आणि खाली आयांच्या सह्या किंवा अंगठे, असा साधा अर्ज करायचा. दोन प्रती करा, एक देऊन दुसरीवर पोच घ्या, तारखेसकट. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी तो लिहून द्यायला आपल्यातली एखादी दुपारची मोकळी असतेच.