वनक्षेत्रातील वॉकी-टॉकी

वॉकी-टॉकी (हातात धरावयाचा द्विमार्गी बिनतारी संच) हे मोबाइल मनोरा किंवा तारेच्या जोडणीवाचून थेट रेडिओ तरंगांद्वारे संभाषण करण्याचे साधन आहे. अनेक देशांत शिकारी आपल्या सोबत्यांशी संपर्क ठेवण्यासाठी ते वापरतात. भारतात वन्य प्राण्यांच्या शिकारीवर कायद्याने बंदी असल्यामुळे वनक्षेत्रात या संचाचे काम वेगळे आहे. गस्त, वणवा नियंत्रण, शिकारप्रतिबंध आणि भरकटलेल्या प्राण्याला सुरक्षित पकडणे या कामांसाठी तो वापरला जातो. धाराशिव जिल्ह्यासारख्या (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) बालाघाटाच्या टेकड्या आणि मोकळी पठारे असलेल्या प्रदेशात संचाची निवड मुख्यतः भूरचना व परवान्याचे नियम यांवरून ठरते. वेष्टनावर छापलेला पल्ला तेथे क्वचितच मिळतो.

इतिहास

बिनतारी संचांपूर्वी मोठ्या शिकारींमध्ये हाकारे ढोल-ताशे वाजवून व आरोळ्या देऊन प्राणी मचाणाच्या दिशेने हाकीत आणि त्या आवाजांवरूनच एकमेकांची जागा ओळखीत. सहज वाहून नेता येणारे द्विमार्गी संच १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाले. कॅनडातील डोनाल्ड हिंग्ज आणि अमेरिकेतील अल ग्रॉस यांची नावे आरंभीच्या संशोधकांत घेतली जातात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने पाठीवर वाहून नेण्याचा ‘एससीआर-३००’ आणि हातात धरण्याचा ‘एससीआर-५३६’ हे संच वापरले. ‘वॉकी-टॉकी’ हे नाव आरंभी पाठीवरच्या संचाला होते; पुढे ते हातातील संचासाठी रूढ झाले.

शिकार आणि कायदा

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ अन्वये अनुसूचीतील वन्य प्राण्यांच्या शिकारीस मनाई आहे. या कायद्यातील ‘शिकार’ या संज्ञेत ठार मारण्याबरोबरच पकडणे, हाकणे, सापळा लावणे व तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश होतो. त्यामुळे वाघासारखा प्राणी जिवंत पकडण्यासाठीही सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. मानवी जीवितास धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत मुख्य वन्यजीव रक्षक कलम ११ अन्वये आदेश देऊ शकतात. मात्र त्याला पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नसल्याची खात्री झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही.

शिकार वैध असलेल्या देशांतही संचांच्या वापरावर बंधने आढळतात. अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लब ही संस्था शिकाऱ्याला सावजापर्यंत पोहोचवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक संदेशवहन वापरणे न्याय्य शिकारीच्या तत्त्वाविरुद्ध मानते. प्राण्याला निसटण्याची संधी उरली पाहिजे, हा त्यामागील विचार आहे.

धाराशिव जिल्ह्यातील संदर्भ

जिल्ह्यातील येडशी रामलिंग घाट अभयारण्य सुमारे २२ चौरस किलोमीटरचे असून बालाघाट डोंगररांगेत आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या परिसरातील कॅमेरा सापळ्यात एका नर वाघाचे छायाचित्र मिळाले. अंगावरील पट्ट्यांच्या रचनेवरून तो यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून आल्याचे निष्पन्न झाले. हे अंतर सरळ रेषेत मोजले तरी सुमारे ३०० किलोमीटर भरते. वाघाचा वावर लगतच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शी तालुक्यातही आढळला. जानेवारी २०२५ मध्ये त्याला पकडण्यासाठी वन विभागाने मोहीम हाती घेतली.

लहान अभयारण्य आणि त्याभोवती शेते, वस्त्या, रस्ते व लोहमार्ग अशी येथील रचना आहे. असा प्राणी रात्रीतून वनहद्दीबाहेर जाऊ शकतो. बेशुद्धीचे औषध भरलेला डार्ट लागल्यानंतरही प्राणी तत्काळ कोसळत नाही. औषधाचा परिणाम होण्यास काही मिनिटे लागतात व त्या अवधीत तो बराच दूर पळू शकतो. तो विहिरीकडे, रस्त्याकडे की वस्तीकडे वळला हे नेमबाज, पशुवैद्यक, पिंजरा असलेले वाहन आणि गर्दी रोखणारे कर्मचारी या सर्वांना एकाच वेळी कळणे आवश्यक असते. मोबाइलवर एका वेळी सहसा एकाच व्यक्तीशी बोलता येते आणि घाटातील खोलगट भागात जाळेही मिळेलच असे नसते. वॉकी-टॉकीवर मात्र एकाचे बोलणे पल्ल्यातील संपूर्ण पथक ऐकते.

पल्ला

या संचांचे तरंग प्रामुख्याने सरळ रेषेत जातात. त्यामुळे पृथ्वीची वक्रता व मधल्या टेकड्या यांनी पल्ला मर्यादित होतो. सपाट व मोकळ्या भूमीवर रेडिओ क्षितिजाचे किलोमीटरमधील अंतर काढण्यासाठी अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमूळास ४.१२ ने गुणतात. छातीशी, म्हणजे सुमारे १.५ मीटर उंचीवर धरलेल्या संचासाठी हे अंतर ५ किलोमीटर येते. दोन्ही व्यक्ती अशाच उभ्या असल्यास कमाल मर्यादा सुमारे १० किलोमीटर होते. झाडी, ऊस आणि टेकाडे यांमुळे प्रत्यक्षातील पल्ला याहून बराच कमी असतो.

प्रसारणशक्ती दुप्पट केल्याने मोकळ्या अवकाशातही पल्ला सुमारे १.४ पटच वाढतो. उंची वाढवल्याने अधिक लाभ होतो. ३० मीटर उंचीवरील रिपीटर, म्हणजे संदेश ग्रहण करून तत्क्षणी पुन्हा प्रक्षेपित करणारे केंद्र, हातातील संचाशी तत्त्वतः २७ किलोमीटरपर्यंत संपर्क साधू शकते. एका टेकडीच्या दोन बाजूंस पथके असल्यास माथ्यावर एक कर्मचारी संच घेऊन बसवणे हाही सोपा उपाय आहे.

वारंवारता पट्टे

वनगस्तीसाठी साधारणतः १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा अतिउच्च वारंवारता पट्टा उपयुक्त ठरतो. त्याची तरंगलांबी सुमारे २ मीटर असते व झाडीत त्याचा ऱ्हास तुलनेने कमी होतो. ४०० मेगाहर्ट्झच्या वरील पट्ट्यातील तरंग इमारतींत अधिक चांगले काम करतात आणि त्यांची अँटेना आखूड असते. २७ मेगाहर्ट्झच्या नागरी पट्ट्यात तरंगलांबी ११ मीटर असल्याने कार्यक्षम अँटेना हातातील संचावर बसवणे अवघड जाते.

परवाना

१९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने बिनतारी संच नुसता जवळ बाळगण्यासाठीही परवाना आवश्यक केला. वारंवारतांचे वाटप केंद्रीय दूरसंचार विभागाची बिनतारी नियोजन व समन्वय शाखा करते. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट दिली. तथापि संचाच्या प्रकारास उपकरण मान्यता असणे आवश्यक आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीस्थळांवरील अशा संचांच्या बेकायदा विक्रीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे जारी केली.

अमेरिकेत कौटुंबिक वापरासाठी मिळणारे संच ४६२ व ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. हे पट्टे भारतातील सूट दिलेल्या पट्ट्याबाहेर आहेत. त्यामुळे तेथून भेट म्हणून आणलेला संच येथे वापरणे नियमबाह्य ठरते.

निवडीचे निकष

संच निवडताना पुढील बाबी पाहिल्या जातात :

• पट्टा व परवाना : उपकरण मान्यता आणि परवानगी असलेली वारंवारता.
• बॅटरी : उत्पादक अनेकदा ५ टक्के वेळ बोलणे, ५ टक्के ऐकणे व ९० टक्के वेळ संच नुसता चालू, असे गृहीत धरून बॅटरीचे तास सांगतात. मोहिमेत बोलणे अधिक होत असल्याने राखीव बॅटरी लागते.
• टिकाऊपणा : ‘आयपी ६७’ दर्जाचा संच धुळीपासून पूर्ण सुरक्षित असतो व १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकतो.
• शांतता : कानात बसणारे श्रवणयंत्र नसल्यास संचाचा आवाज प्राण्याला सावध करतो.
• गुप्तता : साध्या संचावरील संभाषण त्याच वारंवारतेवर कोणीही ऐकू शकते. ‘प्रायव्हसी कोड’ हे केवळ इतरांचे आवाज आपल्या संचावर गाळतात. आपले बोलणे लपवीत नाहीत. खरी गुप्तता कूटलेखन असलेल्या डिजिटल संचातच मिळते.

वापराची शिस्त

बहुतेक वॉकी-टॉकींवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघांनी एकाच वेळी बटण दाबल्यास दोघांचेही संदेश अस्पष्ट होतात. म्हणून बटण दाबून क्षणभर थांबणे, आधी ज्याला हाक द्यायची त्याचे व नंतर स्वतःचे सांकेतिक नाव घेणे, संदेश थोडक्यात सांगणे आणि शेवटी ‘ओव्हर’ म्हणणे ही पद्धत पाळली जाते. ऐकणाऱ्याने महत्त्वाचा संदेश पुन्हा उच्चारून दाखवल्यास चूक लगेच लक्षात येते. साध्या संचावर संरक्षित प्राण्याचे ठिकाण गावाच्या वा पाणवठ्याच्या नावाने सांगितल्यास ते चोरट्या शिकाऱ्याच्याही कानी पडू शकते. त्यामुळे पथकाने आधी ठरवलेले संकेत वापरणे अधिक सुरक्षित असते.